नकाशातून निसटलेला ओढा

गडमुडशिंगीचा माळ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यावरचे बेचाळीस प्लॉट मला तोंडपाठ होते. बालवाडी कुठल्या कोपऱ्यात, मैदान कुठे, कुठला रस्ता सहा मीटरचा आणि कुठला नऊ मीटरचा, हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. तिथली माती काळी आहे की तांबडी, तेवढं मात्र सांगता आलं नसतं. नाशिकच्या एका नगररचनाकारांच्या छोट्या ऑफिसात मी अकरा वर्षं नकाशे काढत होते, आणि त्या अकरा वर्षांत मी काढलेल्या एकाही वसाहतीत माझं पाऊल पडलं नव्हतं.

नव्वदचं दशक तेव्हा अर्धं उलटलं होतं. गडमुडशिंगीच्या बेचाळीस कुटुंबांनी मिळून संस्था काढली होती. त्यात शिक्षक होते, पोस्टमन होते, फौंड्रीत जाणारे कामगार होते, म्हशी पाळणारे शेतकरी होते. त्यांच्या अध्यक्षांनी आमच्या साहेबांना सुवाच्य अक्षरात पत्र लिहिलं होतं : "आम्हाला नुसते प्लॉट नकोत. झाडं, पाणी, पोरांना जागा आणि म्हाताऱ्यांना सावली, असं गाव पाहिजे." साहेबांना ते पत्र फार आवडलं. कच्चा आराखडा झाला, त्यावरून तिथल्या माणसांनी खुंट्याही ठोकल्या. पक्का नकाशा मंजुरीला जाण्याआधी साहेब स्वतः जाऊन सगळं ताडून पाहणार होते. पण जिन्यावरून घसरून त्यांचा पाय मोडला, आणि जायची पाळी माझ्यावर आली.

सोमवार : मिसळ आणि लूना

सकाळी कोल्हापूरच्या स्टँडवर उतरले. एका हातात बॅग आणि काखेत नकाशांची चार फुटी पत्र्याची नळी. ती बघून एका रिक्षावाल्याने सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय पावणं, तोफ घिऊन पन्हाळ्याला निघालासा काय?"

नाशिकला अनोळखी माणूस असं बोलला असता तर मी फणकाऱ्याने निघून गेले असते. इथे मला हसू आलं. मग त्यानेच मिसळीचं दुकान दाखवलं, आणि वर बजावलं, "कट मागून घ्या की, लाजू नका."

आम्हा नाशिककरांना आपल्या मिसळीचा भारी अभिमान. पापड, दही, मऊ पाव असा आमचा थाट असतो. इथे पावाऐवजी ब्रेडच्या जाड स्लाइस आल्या आणि त्याबरोबर लालभडक कटाची वाटी. तिसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मालक गल्ल्यावरून म्हणाला, "लागली व्हय? मग बरोबर झालीया."

संस्थेचे अध्यक्ष कांबळे गुरुजी मला न्यायला आले तेव्हा मी अजून डोळेच पुसत होते. पांढरा लेंगा-शर्ट, डोक्यावर टोपी, आणि बसायला लूना. चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून ते निवृत्त झाले होते. नळी आडवी मांडीवर घेऊन मी मागे बसले. बावड्याच्या कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या बैलगाड्यांची रांग समोरून येत होती. एका गाडीतून बाहेर आलेल्या उसाने नळीचं झाकणच उडवलं आणि आमची वसाहत रस्त्यावर पसरली. गाडीवानाने बैल थांबवले, मागच्या सगळ्या गाड्या थांबल्या, आणि चार माणसांनी मिळून माझे नकाशे धुळीतून गोळा केले. एकाने तर एक नकाशा उलटासुलटा धरून बघितलाही. "गुरुजी, माझं घर ह्यात कुटं हाय?" त्याने विचारलं. तो संस्थेचा सभासद नव्हता. त्याचं घर त्यात नव्हतंच. पण शोधायची त्याला हौस होती.

गुरुजींच्या घरी समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि खाली पुस्तकांचं कपाट. मावशींनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीने, मी उंबरा ओलांडायच्या आतच हुकूम सोडला, "हात धू, जेवाय बस."

"मी मिसळ खाऊन आलेय मावशी."

"मिसळ म्हंजे जेवान व्हय?"

भाकरी, हिरवा खर्डा, घट्ट दही आणि कालच्या गुऱ्हाळावरचा गुळाचा खडा. जेवलेच.

मंगळवार : माळ

माळ गावापासून चालत दहा मिनिटांवर. लांबून पाहिला आणि ऊर भरून आला. माझ्या रेघा तिथे खुंट्या होऊन उभ्या होत्या. नकाशावर चार दगड ठेवून मी आणि गुरुजी टेप धरून एकेक प्लॉट तपासत निघालो. एक ते वीस, सगळं इंचाइंचाला बरोबर. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

तेविसाव्या प्लॉटपाशी जमीन खाली गेली.

फार नाही, कमरेएवढी. पण बाकीचा माळ वाळून पिवळा पडला होता आणि इथे लव्हाळा हिरवागार होता. माती काळी, पायाखाली दबणारी. त्या प्लॉटवर एक धिप्पाड माणूस पाया खणत होता. फौंड्रीत साचे बनवणारा महादेव. रात्रपाळी करून सकाळी इथे खणायला यायचा. पक्क्या नकाशाची वाट बघायला त्याला धीर नव्हता. गुरुजींनी दोनदा थांबवलं तरी ऐकलं नव्हतं. आम्हाला बघून तो चरातून वर आला आणि चेहराभर हसला.

"मॅडम, ह्यो बगा माझा पाया! तीन फुटावर पानी लागलं. शुभ हाय न्हवं?"

मी चरात वाकून पाहिलं. तळाशी स्वच्छ पाणी होतं.

तेवढ्यात तिकडून म्हशी हाकत आक्काताई आल्या. साठीच्या, नऊवारीचा काचा मारलेल्या, हातात काठी. त्यांचा कोपऱ्यातला मोठा प्लॉट होता. "मी लांबनं बगतो तर कोन बाई रानात वाकलिया," त्या म्हणाल्या. इथल्या बायका 'मी जातो, मी येतो' म्हणतात. ऐकायला मला इतकं ऐटबाज वाटत होतं, की कालपासून मी नुसती कान देऊन होते. पण आक्काताईंचं पुढचं वाक्य ऐकून ती मजा संपली.

"आन ह्या महाद्याला सांगा की. वड्यात घर बांधायलाय."

"कसला ओढा?" मी विचारलं.

"कसला म्हंजे? ह्यो! पावसाळ्यात डोंगराकडनं येतोय. माझी एक म्हस वाहून गेलती हितनं. तुमच्या कागदावर न्हाय व्हय?"

"मोजणीवाल्याला दिसला न्हाई, मॅडमला दिसला न्हाई," महादेव हसत म्हणाला. "तुमालाच दिसतोय आक्का. आता कुटलं पानी येतंय!"

मी नकाशाकडे पाहिलं. कागदावर ओढा नव्हता. आणि का नव्हता, ते मला त्या क्षणी आठवलं.

गावाचा जुना नकाशा कापडावर चिकटवलेला होता आणि मधेच फाटल्यामुळे कुणीतरी त्यावर ठिगळ लावलेलं होतं. ठिगळाच्या एका बाजूने एक बारीक दुहेरी रेघ आत जात होती, दुसऱ्या बाजूने तशीच बाहेर येत होती. पायवाट असेल, आता कोण वापरतं, असं म्हणून मी ती सोडून दिली होती. प्रत्यक्ष मोजणी ऐन उन्हाळ्यात झालेली. ओढा जुन्या नकाशात आहेच, या हिशेबाने मोजणीवाल्यानेही तो पुन्हा काढला नव्हता. कुणाला तरी विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही. त्या रेघेवर मी नऊ कुटुंबांची घरं बसवली होती.

हे मी तिथेच सांगायला हवं होतं. पण मी "बघते" म्हणाले आणि टेप गुंडाळली.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "चार फुटी पाइप टाकू आणि वरून माती. सगळीकडे हेच करतात. तू तिथे काही बोलू नकोस. नकाशे घे आणि परत ये."

परत आले तर ओसरीवर महादेव बसलेला. पाळीवर जाता जाता मला द्यायला गरम काकवीचा तांब्या घेऊन आला होता. "मॅडम, एक विचारायचं हुतं," तो लाजत म्हणाला. "बायको म्हनती, सैपाकघरात सकाळचं ऊन आलं पायजे. कुटल्या अंगाला काढू?"

"उद्या सांगते," मी म्हणाले. त्याच्याकडे बघवेना. काकवी इतकी सुंदर होती, आणि मला एक चमचा जाईना.

बुधवार : कळंबा

शहराचं पाणी कुठून यायचं ते बघायची माझी आधीपासून इच्छा होती, म्हणून गुरुजींनी मला लूनावरून कळंब्याच्या तळ्यावर नेलं. तळ्याच्या बांधावर चढल्यावर वाऱ्याने पदर उडाला. समोर निळं पाणी, पलीकडे डोंगर. मागे वळून गुरुजींनी कळंब्याच्याच तुरुंगाच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "हितं दोन चीजा बांधल्यात. एक पाणी कोंडायला आणि एक माणसं."

डोंगरावरून उतरणारे ओहळ तळ्यात कसे येतात, ते ते दाखवू लागले. संस्थानच्या काळातल्या लोकांनी एकेका ओहळाची वाट कशी मोकळी ठेवली, कुठे दगडी बांध घातला, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. चौथीच्या वर्गाला दरवर्षी इथे सहलीला आणत असत. मी थोडा वेळ ऐकलं आणि मग मला राहवेना.

"गुरुजी, आक्काताई बरोबर म्हणतात. तो ओढा आहे. जुन्या नकाशात होता. माझ्याकडून सुटला."

पाइपाचंही सांगितलं. साहेबांनी गप्प बस म्हटलं, तेही सांगितलं. गुरुजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

"किती घरं त्यात?"

"नऊ."

"महादेवाचं?"

"पहिलंच."

मला वाटलं, आता रागावतील. पण ते म्हणाले, "उद्या सकाळी सभा बोलावतो. पण हे तुम्ही सांगायचं. मी सांगितलं तर लोकांना वाटेल, मास्तर बाईला पाठीशी घालतोय."

मग खाली उतरून आम्ही भेळ खाल्ली. सांगून टाकल्यावर मला कडकडून भूक लागली होती.

गुरुवार : सभा

शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या अंथरल्या होत्या. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, आणि मधे भिंतीवर माझा नकाशा खिळ्यांनी ठोकलेला. मी उभी राहिले. रात्री पाठ केलेली वाक्यं विसरले आणि सरळ सांगितलं, "तुमच्या जमिनीतून ओढा जातो. तो मी नकाशात काढला नाही. चूक माझी आहे. नऊ प्लॉट त्याच्या वाटेत आहेत."

एकदम चाळीस माणसं बोलू लागली. कोल्हापूरकर हळू बोलतानाच भांडल्यासारखे वाटतात. ते खरंच भांडायला लागल्यावर काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

महादेव उठून उभा राहिला. रात्रपाळी करून तसाच आलेला, डोळे लाल. "तीन आठवडं खांदलं म्या! पाळी करून, झोप मोडून! तुमचं काय जातंय, एक रेघ पुसायची!"

"बरोबर आहे तुमचं," एवढंच मी म्हणाले. तो बाहेर निघून गेला.

कुणीतरी म्हणालं, पाइप टाका की. पाइप टाकता येईल, असं मी सांगितलं. पण गाळाने तो तुंबला तर पाणी नऊच काय, वीस घरांत शिरेल, हेही सांगितलं. तेव्हा आक्काताई बायकांमधून ओरडल्या, "माझी म्हस काय पायपातनं गेली असती व्हय?" सगळा व्हरांडा हसला, आणि पाइप तिथेच संपला.

पण खरी अडचण पुढेच होती. ओढ्याला आणि त्याच्या दोन्ही काठांना जागा सोडायची तर नऊ घरं कुठे जाणार? प्रत्येकाने आपल्या प्लॉटमधून थोडी थोडी जागा सोडली तर बेचाळीसही बसतील, असं मी रात्री बसून काढलं होतं. ज्यांच्या प्लॉटला ओढा लागत नव्हता, ते तेहतीस जण सतरंजीच्या नक्षीकडे बघू लागले. पोस्टमन म्हणाला, "आमी का म्हनून सोडायची?" आणि खरं सांगायचं तर त्याचं काही चूक नव्हतं.

गुरुजी म्हणाले, "माझे आठ फूट घ्या." पण गुरुजींचं ते असं असणारच, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कुणी हललं नाही.

मग आक्काताई उठल्या. सगळ्यांत मोठा प्लॉट त्यांचा. "माझा बी कापा," त्या म्हणाल्या. "पर एक अट हाय. वड्याला जागा देताय न्हवं, तर त्यात माझ्या म्हशींस्नी डुंबाय एक डव्ह ठेवायचा. नकाशात काढायचा. नुस्तं तोंडानं नगं."

"काढते," मी म्हणाले.

"आत्ता काढा की. माझ्यादेखत."

सगळ्यांसमोर भिंतीवरच्या नकाशात मी ओढ्याची निळी रेघ काढली, आणि एका वळणावर अंड्याच्या आकाराचा डोह. शेजारी लिहिलं : म्हशींसाठी. अकरा वर्षांत मी उद्यानं काढली, वाहनतळ काढले, टपाल कार्यालयं काढली. म्हशींसाठी पहिल्यांदाच काही काढत होते. टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "आन आमच्या पोरांस्नी पवाय?" त्या हशात पोस्टमनने हात वर केला. "चार फूट. त्याच्यावर एक इंच न्हाय."

दुपारपर्यंत बेचाळीसपैकी एक्केचाळीस जणांची सही झाली.

शुक्रवार : फक्की

नवीन रेघा कागदावर काढायच्या आधी जमिनीवर काढायच्या, असं मीच ठरवलं होतं. सकाळी सगळे माळावर हजर. ज्याने त्याने आपली खुंटी आपल्याच हाताने उपटून सरकवायची, आणि मागून मी चुन्याची फक्की टाकत जायची. सरकवताना दोन भावांत वितभर जागेवरून जुंपली, तेव्हा आक्काताईंनी काठी आडवी टाकली आणि म्हणाल्या, "काठी हाय तितं हद्द." काठीची जागा मी टेपने मोजली, हद्द अगदी बरोबर पडली होती. माझ्या केसांत, भुवयांत, सगळीकडे चुना.

दहाच्या सुमाराला महादेव आला. खांद्यावर फावडं. तो थेट आपल्या चरापाशी जाऊन उभा राहिला. आतलं पाणी रात्रीत आणखी चढलं होतं. मी भीत भीत जवळ गेले.

"तुमचा नवा प्लॉट वरच्या बाजूला आहे," मी म्हणाले. "मैदानाला लागून. स्वयंपाकघर पूर्वेला काढा, सकाळचं ऊन थेट चुलीवर येईल."

तो पाण्याकडेच बघत होता. मग म्हणाला, "ह्यो खड्डा बुजवायचा न्हाय मॅडम."

"मग?"

"तीन फुटावर असलं नितळ पानी कुनाला लागतंय? हितं हीर काढू. सगळ्यांस्नी. माझी मेहनत वाया कशाला घालवायची?"

मी गुरुजींना हाक मारली. गुरुजींनी सगळ्यांना हाक मारली. सांडपाणी ओढ्यात सोडायचं नाही, वेगळ्या नाल्यातून माळाखालच्या केळीच्या बागेला न्यायचं, आणि विहीर काठापासून जरा वर, महादेवच्या चराच्या वरल्या टोकाला घ्यायची, असं तिथल्या तिथे उभ्या उभ्या ठरलं. अशा निर्णयांना आमच्या ऑफिसात महिने लागतात. महादेवने सही केली, अंगठ्याएवढ्या मोठ्या अक्षरात. मग माझ्या हातातलं घमेलं घेऊन म्हणाला, "द्या हिकडं. तुमची रेघ वाकडी पडायलीय."

दुपारी आक्काताईंकडे मटण झालं. तांबड्या रश्शाची मला धास्ती होती, म्हणून पांढऱ्याची वाटी दुधासारखी बघून एका दमात प्यायले. आलं आणि मिरी नाकात चढली. ठसका थांबेना. मावशी पाठ थोपटत म्हणाल्या, "पांढरं बगून फसतंय सगळं."

नाशिक

साहेब चिडले. पाय प्लॅस्टरमध्ये नसता तर उठून उभे राहिले असते. मग त्यांनी चुन्याने माखलेला नकाशा पुढे ओढला, बराच वेळ बघितला, आणि विचारलं, "हे अंडं काय आहे?"

"म्हशींचा डोह."

"मंजुरी देणारा हसेल."

"हसू दे की," मी म्हणाले. पाच दिवसांत तेवढं कोल्हापूर माझ्यात शिरलं होतं. साहेबांनी सही केली, आणि यापुढे जागा पाहिल्याशिवाय नकाशा काढायचा नाही, असा नियम त्यांनी स्वतःच केला. तो आपल्याला आधीपासून सुचला होता, असंच ते आजही सांगतात.

जुलैत गुरुजींचं कार्ड आलं. ओढा आला होता, काठोकाठ भरून, आणि बेचाळीस जण छत्र्या घेऊन तो बघायला गेले होते. एकाही खुंटीला पाणी लागलं नाही.

कार्ड हातात घेऊन मी आमच्या कॉलनीच्या गच्चीवर गेले. आम्ही तळमजल्यावर राहतो, आणि दर पावसाळ्यात आमच्या भिंतींना ओल येते; बिल्डर, रंगारी, नवरा, आम्ही सगळ्यांना दोष देऊन झाला होता. शेजारचे काका उघडीप मिळाली म्हणून वाळत घातलेल्या मिरच्या आत नेत होते. त्यांचा जन्म याच भागातला, इथे शेतं होती तेव्हाचा. आठ वर्षं आम्ही शेजारी राहत होतो, पण त्यांना असलं काही विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं.

"काका, पूर्वी इथला ओढा कुठून जायचा हो?"

काकांनी मिरच्यांचं सूप खाली ठेवलं, कठड्यावरून वाकून नीट अंदाज घेतला आणि म्हणाले, "तुझ्या स्वयंपाकघरातून."